वास, आठवण आणि पेशीतलं बटण: घरच्या घरी करून बघायचं कसं

ओव्याची धुरी कुठेही पेटलेली असू दे, मला माझ्या मावशीची बाळंतिणीची खोली दिसते. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग, खिडकीला जाड पडदा आणि आत तान्ह्या बाळाचा तेलकट गोड वास. मी तेव्हा सहा वर्षांची असेन, आज या गोष्टीला तीसच्या वर वर्षं झाली. आता यात कोडं काय आहे बघा, मेंदूच्या पेशीतली बहुतेक प्रोटीनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवीन येतात, म्हणजे त्या दिवशी ज्या रेणूंनी ती खोली लक्षात ठेवली त्यातला बहुतेक एकही आज माझ्या डोक्यात नाही, तरी आठवण मात्र आहे तशी आहे. हे होतं कसं?

हा प्रश्न १९८४ साली फ्रान्सिस क्रिकने विचारला होता, तोच डीएनएवाला क्रिक. पुढच्याच वर्षी जॉन लिसमन या मेंदूशास्त्रज्ञाने एक उत्तर सुचवलं, की काही रेणू मिळून एक बटण तयार करत असतील, एकदा चालू झालं की स्वतःच स्वतःला चालू ठेवणारं, मग आतला एकेक रेणू बदलला तरी बटणाची स्थिती बदलत नाही. आणि आपल्याकडे या बटणाच्या मागे, शिवाय वासाच्याही मागे, कितीतरी वर्षं लागलेला माणूस म्हणजे बंगळुरूच्या एनसीबीएसमधले उपिंदर सिंग भल्ला. एनसीबीएस म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचंच, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच, आणि वासाच्या अभ्यासाची मुळंही तिकडचीच आहेत, ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे त्यांनी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तिथेच फळमाशीच्या वास घेण्यावर काम केलं.

भल्लांच्या कामाबद्दल वाचायला गेलं की लोक दोन ठिकाणी अडकतात. एक तर पेशींचं सिग्नलिंग, वास आणि आठवण हे तीन वेगळे विषय वाटतात, आणि दुसरं म्हणजे सगळं समीकरणांत असतं. मी अकरावीच्या मुलांना शिकवते आणि माझा अनुभव असा आहे की आधी नाकाने आणि हाताने करून बघितलं की वाचायला खूपच सोपं जातं. म्हणून मी मुलांकडून जे करून घेते तेच इथे लिहिते. सामान फार नाही लागत: सॉसच्या असतात तशा टोकदार तोंडाच्या मऊ प्लास्टिकच्या चार बाटल्या, कापूस, गुलाबपाणी, निलगिरीचं तेल, गोड्या मसाल्यातले काही जिन्नस, एक वही, आणि मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर कुठलीही स्प्रेडशीट.

एक सूचना आधीच देते. दमा असेल, उग्र वासाने डोकं धरत असेल तर निलगिरीचा भाग सोडून द्या. लहान मुलांच्या हातात निलगिरी तेलाची बाटली देऊ नका, ते पोटात गेलं तर विषारी आहे. आणि डांबरगोळ्या, थिनर, पेट्रोल असलं काही हुंगायचा प्रयोग अजिबात नको.

आधी नाक कुठे संपतं ते बघू

हे दोन मिनिटांचं काम आहे. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि कुणाला तरी तोंडात लिमलेटची नाहीतर संत्र्याची गोळी टाकायला सांगा. चघळत राहा. नुसतं गोड-आंबट लागेल, संत्रं की लिंबू की अननस काही कळणार नाही. आता नाक सोडा. एका क्षणात ‘संत्रं!’ असं डोक्यात येतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू, उमामी एवढंच सांगते, बाकी ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशाच्या मागून वर नाकात जाणाऱ्या हवेचं काम असतं. सर्दीत जेवण मिळमिळीत लागतं ते यामुळेच.

नाकाच्या वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध साधारण, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. माणसात वास धरणाऱ्या रिसेप्टरचे जवळजवळ ४०० प्रकार आहेत, उंदरात हजारच्या वर. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी ही जनुकं १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

मग नाक ‘विसरतं’ कसं ते

एका वाटीत कॉफी पावडर घ्या, दुसरीत वेलची कुटून. कॉफीची वाटी नाकाखाली धरून सलग दीड-दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घेत राहा आणि दर १५ सेकंदांनी वासाला १० पैकी मार्क द्या, ते दुसऱ्याला वहीत लिहायला सांगा. मार्क घसरत जातात. मग लगेच वेलची हुंगा, ती खणखणीत येते. म्हणजे नाक दमलेलं नाही, फक्त कॉफीपुरतं गप्प झालंय. आता मोकळ्या हवेत पाच मिनिटं जाऊन या आणि परत कॉफी हुंगा.

काय झालं आत? कॉफीच्या वासाचा रेणू रिसेप्टरला चिकटला. रिसेप्टरने आतल्या बाजूच्या एका जी प्रोटीनला जागं केलं, त्या प्रोटीनने एका एन्झाइमला, आणि ते एन्झाइम भराभर सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बनवायला लागलं. बाहेरून आलेला निरोप एका रेणूचा होता, आत तो कितीतरी पटींनी वाढला. सायक्लिक एएमपीने पेशीच्या आवरणातले दरवाजे उघडले, कॅल्शियम आत आलं, पेशी पेटली आणि मेंदूकडे संदेश गेला. पेशींचं सिग्नलिंग म्हणतात ते हेच, रेणूने रेणूला दिलेला निरोप.

पण तेच कॅल्शियम आत आल्यावर अजून एक काम करतं. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला जाऊन मिळतं आणि ही जोडी त्याच दरवाज्यांची सायक्लिक एएमपीला दाद देण्याची क्षमता कमी करते. सिग्नल स्वतःच स्वतःला दाबतो. मी मुलांना याला ‘दाबणारा फेरा’ म्हणायला शिकवते. कॉफीचा वास विरण्यात मेंदूचाही वाटा असतो, सगळं नाकातच होतं असं नाही, पण सुरुवात पेशीतल्या या फेऱ्यापासून होते. आणि जरा विचार केला तर ही पण एक आठवणच आहे, आत्ताच कॉफी येऊन गेली हे त्या पेशीला काही वेळ ‘माहीत’ असतं. कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिनची ही जोडी लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे आणि अगदी उलटं काम करणार आहे.

डावी की उजवी

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, आणि यात घाई केली की वाट लागते.

२००६ साली राघव राजन, जेम्स क्लेमेंट आणि भल्ला यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पेपर छापला. प्रश्न साधा होता, दोन कानांमुळे आवाज कुठून आला ते कळतं, मग दोन नाकपुड्यांमुळे वास कुठून आला ते कळतं का? त्यांनी उंदरांना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या मोठ्या उंदरांना, वास डावीकडून आला की उजवीकडून ते सांगायला शिकवलं. उंदीर एक किंवा दोन हुंगण्यांत बरोबर बाजू सांगायला लागले. त्यासाठी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या असणं गरजेचं होतं. आणि वास श्वासाच्या योग्य टप्प्यावर आला तर दोन नाकपुड्यांमधला फक्त ५० मिलिसेकंदांचा फरकसुद्धा त्यांना पुरत होता. यातले राघव राजन आता पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आहेत, तिथे ते पक्ष्यांच्या गाण्यावर काम करतात.

आता माणसावर करू. चारही बाटल्यांत सारखाच कापूस घाला. एकीत गुलाबपाणी, एकीत निलगिरीचे दोन थेंब, उरलेल्या दोघींत साधं पाणी. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याचे डोळे बांधा. एका हातात गुलाबाची बाटली, दुसऱ्यात पाण्याची. दोन्ही बाटल्यांची टोकं नाकपुड्यांच्या जवळ आणा, आत घालू नका, आणि तो श्वास घेत असताना दोन्ही एकदम, सारख्याच जोराने दाबा. मग त्याने सांगायचं, डावी की उजवी. ‘माहीत नाही’ चालणार नाही, अंदाजाने का होईना सांगायचंच. बाजू कुठली ठेवायची हे दर वेळी नाणं उडवून ठरवा, स्वतःच्या मनाने ठरवू नका, आपण नकळत डावी-उजवी-डावी-उजवी करत बसतो आणि समोरच्याला ते कळतं. दोन हुंगण्यांत निदान एक मिनिट जाऊ द्या, का ते वर कॉफीत बघितलंच. असं २० वेळा. निलगिरी दुसऱ्या दिवशी, त्यासाठी दुसरी पाण्याची बाटली घ्या, गुलाबाच्या जोडीला वापरलेली नको.

गेल्या वर्षी एका मुलीचं मी शेजारी बसून बघत होते. गुलाबाच्या वेळी ती दर वेळी थांबायची, नाकाचा शेंडा हलायचा, ‘डावी… नाही नाही, उजवी’, आणि शेवटी २० पैकी ९. नुसतं नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. दुसऱ्या दिवशी निलगिरीला मात्र ती बाटली दाबल्या दाबल्या सांगत होती, १८ बरोबर. कारण निलगिरी नुसती ‘वासाची’ नस चाळवत नाही, ती चेहऱ्याची थंड-झोंबरं सांगणारी नस पण चाळवते, तिला ट्रायजेमिनल म्हणतात, आणि माणसाला बाजू कळते ती मुख्यतः या नसेमुळे. गुलाबासारखा शुद्ध वास असेल तर आपण चाचपडतो. उंदराला जे एका हुंगण्यात जमतं ते आपल्याला असं बसल्या जागी जमत नाही.

निकाल कसा वाचायचा तेही सांगते. नुसत्या अंदाजाने सरासरी १० बरोबर येतील. अंदाजानेच १५ किंवा जास्त यायची शक्यता साधारण २ टक्के असते. म्हणजे १५ किंवा जास्त आले तर काहीतरी खरंच कळतंय असं धरा, ११-१२ आले तर नाचू नका.

आणि गुलाबाला १६-१७ यायला लागले तर आधी स्वतःवर संशय घ्या. आमच्या एका बॅचमध्ये सगळ्यांचेच असे आले होते. दोन दिवस आम्ही खूश, मग लक्षात आलं की बाटल्या दाबणारा मुलगा उजव्या हाताचा जोरकस, आणि गुलाबाची बाटली कुठल्याही बाजूला असली तरी तो हात फुली करून ती उजव्याच हातात धरत होता. त्या बाजूला हवेचा झोत जास्त लागायचा, मुलांना कळत होता तो झोत. दाबायचं काम दोन वेगळ्या माणसांना दिलं आणि आकडे १० वर आले. खरं शास्त्र मुलं त्या दिवशी शिकली असं मला वाटतं.

आता बटण बांधायचं

नाकातून निघालेला निरोप मेंदूच्या पुढच्या भागातल्या ऑलफॅक्टरी बल्बमध्ये जातो, तिथून वासाच्या कॉर्टेक्समध्ये आणि भावनांशी जोडलेल्या अमिग्डालाकडे, आणि जवळच्याच भागातून आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे. डोळ्याकानाचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या चौकीतून जातात, वासाला ती चौकी वाटेत लागत नाही. वास आणि आठवण इतके शेजारी असायचं हे एक कारण.

पण आठवण टिकते कशी? तिथे भल्लांचं दुसरं मोठं काम येतं. १९९९ मध्ये त्यांनी आणि रवी अय्यंगार यांनी, तोही सायन्समध्येच, पेशीतल्या वेगवेगळ्या सिग्नलिंगच्या वाटा प्रयोगांतून मिळालेल्या आकड्यांसकट कॉम्प्युटरवर एकमेकींना जोडून दाखवल्या. एकट्या वाटेत जे दिसत नाही ते जोडल्यावर दिसायला लागलं. त्यात एक फेरा असा होता: पीकेसी नावाचं एन्झाइम पुढे एमएपीकेला जागं करतं, एमएपीके एका तिसऱ्या एन्झाइमला, ते ॲराकिडोनिक ॲसिड बनवतं आणि ते ॲसिड परत पीकेसीला जागं करतं. हा ‘वाढवणारा फेरा’. पुरेसा जोराचा आणि पुरेसा वेळ सिग्नल दिला की फेरा पेटतो, आणि सिग्नल काढून घेतला तरी पेटलेला राहतो.

हे वाचून डोक्यात जात नाही, म्हणून स्प्रेडशीट. मी खाली देते ते भल्लांचं मॉडेल नव्हे, त्यांच्यात कितीतरी रेणू आणि कितीतरी क्रिया आहेत, हे म्हणजे त्यातला नुसता गाभा काढलेलं खेळण्यातलं बटण आहे, पण वागतं तसंच.

तीन कॉलम करा. पहिल्यात ओळीचा नंबर, दुसऱ्यात सिग्नल, तिसऱ्यात सक्रियता, म्हणजे बटण किती चालू आहे ते. आकड्यांच्या पहिल्या ओळीत सक्रियता शून्य. त्यापुढच्या प्रत्येक ओळीत हे सूत्र:

नवी सक्रियता = जुनी + ०.१ × ( सिग्नल + जुनी² ÷ (०.२५ + जुनी²) − ०.८ × जुनी )

जुनी म्हणजे वरच्या ओळीतली सक्रियता, आणि सिग्नलसुद्धा वरच्याच ओळीतला घ्यायचा. कंसात तीन गोष्टी आहेत: बाहेरून आलेला सिग्नल, मग वाढवणारा फेरा, तो सुरुवातीला मंद असतो, मग जोर धरतो आणि शेवटी एका मर्यादेला टेकतो, आणि शेवटी ०.८ म्हणजे मोडतोड, रेणू सतत विझतायत, मोडतायत ते. ०.१ ही फक्त वेळेची पावलं. हे सूत्र २०० ओळी खाली ओढा आणि तिसऱ्या कॉलमचा आलेख काढा.

सिग्नलच्या कॉलममध्ये पहिल्या तीन ओळींत ०.५ लिहा, बाकी सगळीकडे शून्य. दुसऱ्या ओळीत सक्रियता ०.०५, तिसरीत ०.०९७, चौथीत ०.१४३ यायला हवी, नाही आली तर कंस तपासा, बहुतेक चूक कंसातच असते. मग ती उतरत उतरत शून्याला जाते. म्हणजे सिग्नल आला, गेला, पेशी विसरली.

आता पाच ओळींत ०.५ द्या. सक्रियता ०.२३६ पर्यंत चढते, तीसेक ओळी ०.२ च्या वरच रेंगाळते आणि मग हळूहळू शून्यावर. आता फक्त एक ओळ वाढवा, सहा करा. ०.२८६ पर्यंत जाते, सिग्नल बंद होतो, आणि… उतरायच्या ऐवजी चढत राहते, चढत चढत १ ला जाऊन थांबते. दोनशेव्या ओळीतही १.

इथे जरा थांबा आणि आलेख नीट बघा. पाच आणि सहा ओळींत फरक एकच, पण शेवट शून्य आणि एक. मधे ०.२५ ला एक उंबरठा आहे. खाली राहिलात तर परत शून्य, ओलांडलात तर बटण चालू. आणि मोडतोड कुठे बंद झाली का? नाही, ०.८ अजून तिथेच आहे, प्रत्येक ओळीत रेणू मोडतायत, फेरा तेवढेच परत भरतोय. क्रिकच्या प्रश्नाचं उत्तर असं दिसतं. रेणू येतात-जातात, स्थिती राहते.

मग खेळा. जोर दुप्पट करा, म्हणजे १, तर तीनच ओळी पुरतात. ०.०२ चा बारीक सिग्नल दोनशेच्या दोनशे ओळी देऊन ठेवा, सक्रियता ०.०३ च्या जवळपास पडून राहते, कधीच पेटत नाही. जोर किती आणि किती वेळ, दोन्ही लागतात. पुसून बघायचं असेल तर बटण चालू असताना सिग्नल उणे ०.५ करा: १५ ओळी दिला तर सक्रियता खाली येऊन परत १ वर चढते, २० ओळी दिला तर कायमची शून्याला जाते. आणि ०.८ च्या जागी १.२ लिहून बघा, मग कितीही मोठा सिग्नल द्या, थांबला की विरतो, बटण उरतच नाही. १ च्या वर मोडतोड गेली की फेऱ्याला भरून काढणं झेपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन चेतापेशी जिथे भेटतात तो सिनॅप्स, तिथला काटा, म्हणजे पेशीच्या फांदीवरचा उंचवटा, इतका बारीक असतो की एखाद्या प्रकारचे रेणू मोजकेच असतात, आणि मोजके रेणू असले की नशीब मधे येतं. भल्लांनी या गोष्टीवर बरंच काम केलंय. आपणही घालू: सूत्राच्या शेवटी ‘अधिक (यादृच्छिक आकडा − ०.५) × ०.१’ जोडा, स्प्रेडशीटमध्ये शून्य ते एकच्या मधला कुठलाही आकडा देणारं रँड नावाचं फंक्शन असतं ते वापरा, आणि सगळ्याला मॅक्स फंक्शनमध्ये घालून शून्याच्या खाली जाऊ देऊ नका. सिग्नल सगळीकडे शून्य ठेवा. कुठलाही सेल बदलला की आकडे नव्याने पडतात, असं दहा-वीस वेळा करून बघा. काही वेळा बटण कुणीही न दाबता आपोआप चालू होईल. १ पासून सुरू केलंत तर मात्र ते सहसा पडत नाही. शेवटी जोडलेल्या त्या ०.१ चं ०.३ करा, मग वरून खालीही पडायला लागतं. म्हणजे एवढ्याशा जागेत आठवण टिकवणं किती अवघड आहे ते कळतं. २००५ मध्ये अर्न्ड हेयर आणि भल्ला यांनी सिनॅप्समधल्या रिसेप्टरची ये-जा आणि कॅमके-टू नावाचं एन्झाइम धरून अशा बटणांवर पेपर लिहिला, हे केल्यावर तो वाचा, आधी नको.

आणि कॅमके-टूला जागं कोण करतं? कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन. नाकात ज्या जोडीने दरवाजे मंद केले तीच जोडी. तिथे ती दाबणाऱ्या फेऱ्यात बसली म्हणून नाक कॉफी विसरलं, इथे वाढवणाऱ्या फेऱ्यात बसली म्हणून सिनॅप्स लक्षात ठेवतो. मला स्वतःला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी रात्री झोप लागली नव्हती.

वासाची उजळणी

हा प्रयोग दहा दिवसांचा आहे पण रोजचं काम पाच मिनिटांचं. गोड्या मसाल्यातले सहा जिन्नस घ्या, ज्यांची नावं मुलांना बहुधा येत नाहीत असे: दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तिरफळ, शहाजिरं, बाद्यान. थोडं थोडं कुटून आत न दिसणाऱ्या सहा डब्यांत घाला. प्रत्येकाला मनाने एक माणसाचं नाव द्या, खऱ्या ओळखीतलं नको, नाहीतर त्या माणसाची आठवण मधे येते. तीन डब्या सोमवार, मंगळवार, बुधवार रोज दोनदा हुंगून नावं पाठ करायची. उरलेल्या तीन फक्त बुधवारी, एका बैठकीत सहा वेळा. दोन्हीकडे मोजून सहाच उजळण्या, आणि शेवटची उजळणीही दोन्हींची बुधवारीच, हे महत्त्वाचं आहे. परीक्षा पुढच्या बुधवारी, डोळे मिटून, डब्या उलटसुलट क्रमाने.

अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे माणसांत आणि प्राण्यांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. एका माणसाच्या सहा डब्यांवरून काही ठरत नाही, वर्गातल्या पंचवीस-तीस जणांचे आकडे एकत्र करा. वर बांधलेलं बटण हे अंतराचं गणित सांगत नाही, त्याला आपले घाईचे आणि संथ फेरे एकत्र जोडावे लागतात, आणि वेगवेगळ्या वेळांचे सिग्नल एकत्र गुंफणं ही १९९९ च्या त्या पेपरमधलीच एक मुख्य गोष्ट आहे. परीक्षेत मुलांनी दिलेलं पहिलं उत्तर लिहून घ्या, बदललेलं नको.

हे करताना कुणाला सहाच्या सहा डब्या सारख्याच वाटल्या, काहीच वास येत नाही असं झालं तर हसण्यावारी नेऊ नका, कानानाकाच्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा सर्दी-तापानंतर वास गेलेला असतो आणि माणसाला पत्ता नसतो. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला लावले आणि काही लोकांना फायदा झाला, ते आता बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण आधी डॉक्टर.

पुढे कुठे जायचं

भल्लांच्या गटाचं मूस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, त्यात पेशीतली रसायनं आणि चेतापेशीची वीज दोन्ही एकत्र बांधता येतं. अकरावी-बारावीच्या मुलांना पायथॉन थोडं येत असेल तर जमतं, आमच्याकडे दोघांनी केलं. फक्त मूस उघडल्यावर लगेच तयार मोठी मॉडेलं चालवू नका, रंगीत रेघा दिसतात आणि कळत काही नाही. पहिल्यांदा आपल्या स्प्रेडशीटचंच बटण त्यात बांधा, तेच ०.२५, तेच ०.८. पाच ओळींएवढ्या सिग्नलला शून्य आणि सहा ओळींएवढ्याला एक आलं की मग पुढचं मॉडेल उघडा.